क्लैब्य : दोष कीं व्याधि ?

कांहीं विषय असे आहेत कीं, त्यांपासून होणारें दुःख अनेक घरांत असतें, परंतु त्यांचा उच्चार बहुधा कोणत्याच घरांत होत नाहीं. पुरुषाच्या ठिकाणीं उत्पन्न होणारें क्लैब्य, म्हणजे समागमाची इच्छा असूनहि इंद्रियास ताठरता न येणें, किंवा आलेली ताठरता न टिकणें, हा त्यांपैकीं एक विषय होय. ज्यास मधुमेह झाला आहे तो जेवणाच्या पंक्तींत मोकळेपणानें तसें सांगून गोड पदार्थ परत पाठवितो. ज्याचे गुडघे दुखतात तो पाहुण्यांसहि आपली हकीकत ऐकवितो. परंतु ज्यास ही व्याधि जडली तो वर्षानुवर्षें ओळखीच्या असलेल्या डॉक्टरासमोर बसूनहि खोकल्याचें औषध मागतो आणि उठून जातो. मनुष्य एक, देह एक, मग एका अवयवाच्या तक्रारीस वाचा आहे आणि दुसऱ्या अवयवाच्या तक्रारीस ती नाहीं, असें कां व्हावें ? याचें उत्तर वैद्यकांत सांपडत नाहीं. आपण या अवस्थेस रोग समजत नाहीं, पुरुषाच्या योग्यतेंतील उणीव समजतों, हें तें उत्तर आहे. म्हणून प्रश्न मूलतः नीतीचा आहे आणि त्याचा विचार अशा मासिकाच्या पृष्ठांवर होणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. एखादे रात्रीं श्रमामुळें, काळजीमुळें किंवा मद्यपानामुळें देहानें साथ दिली नाहीं, तर त्यास क्लैब्य म्हणत नाहींत; असा प्रसंग कोणाहि निरोगी पुरुषावर येतो. ही स्थिति साधारणतः तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली म्हणजे वैद्य तिची दखल घेतात. क्लैब्य आणि वंध्यत्व हीं दोन निराळीं आहेत. इंद्रियास पूर्ण ताठरता येणाऱ्या पुरुषाच्या वीर्यांत शुक्रजंतूंचा मागमूस नसेल, आणि ज्यास ताठरता येत नाहीं त्याचें बीज अगदीं निर्दोष असेल. तसेंच इच्छेचा अभाव ही तिसरी गोष्ट आहे. क्लैब्यानें पीडलेल्या पुरुषांपैकीं अनेकांची इच्छा शाबूत असते, आणि त्यांच्या दुःखाचें मर्मच तें आहे. नपुंसक, षंढ, नामर्द या शब्दांनीं आपण या तिन्ही गोष्टींची एकच मोट बांधतों आणि वर शिवीचा शिक्का मारतों. इंग्रजींतहि पूर्वीं या व्याधीस जो शब्द होता त्याचा अर्थ सरळ ‘सामर्थ्यहीनता’ असा होता. 1992 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें तो शब्द टाकून ‘उत्थानांतील बिघाड’ अशा अर्थाचें नांव वापरावें अशी शिफारस केली. एका क्रियेंतील बिघाडास सबंध माणसाचें नांव देऊं नये, इतकाच तिचा आशय. पण तेवढ्यानेंहि रोग्याच्या मस्तकावरील अर्धा भार उतरतो.

आमच्या भाषेनें या बाबतींत जो गोंधळ केला आहे तो आजचा नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं श्रीकृष्ण अर्जुनाच्या मनोदौर्बल्यास उद्देशून क्लैब्य हा शब्द योजतात. तेथें तो भित्रेपणाचा वाचक आहे, आणि रूपक म्हणून तो समर्पकहि आहे. परंतु रूपक उलटें वाचलें कीं अनर्थ होतो : जो भ्याला तो क्लीबासारखा, असें म्हणतां म्हणतां जो क्लीब तो भित्रा, हीनसत्त्व, अपात्र, असें आपण मानूं लागलों. त्याच महाभारतांत याचें खंडनहि आहे. उर्वशीच्या शापामुळें अर्जुन विराटाच्या घरीं वर्षभर बृहन्नडा होऊन राहिला, अंतःपुरांतल्या मुलींस नृत्यगायन शिकवीत राहिला. आणि गोग्रहणाच्या प्रसंगीं त्याच्याच धनुष्यापुढें भीष्म, द्रोण, कर्ण यांस माघार घ्यावी लागली. व्यासांस या दोन गोष्टी एकाच पुरुषाच्या ठिकाणीं नांदवितांना मुळींच अवघड वाटलें नाहीं. शिवाय धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष अशी पुरुषार्थांची गणना करणाऱ्यांनीं काम हा एक पुरुषार्थ खचित मानला. परंतु पुरुषाचें पुरुषत्व एका अवयवाच्या आज्ञाधारकपणावर टांगून ठेवण्याचा उद्योग त्यांनीं केला नाहीं.

आतां ही क्रिया घडते कशी तें पाहूं. कारण ती नीट समजली म्हणजे आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तिच्यांतच सांपडतें. इंद्रियाच्या आंत स्पंजासारख्या जाळीनें भरलेले दोन लांबट कोश असतात. त्या जाळीच्या भिंती आणि त्यांत येणाऱ्या बारीक रोहिणी अनैच्छिक स्नायूंनीं वेढलेल्या असतात. एरव्हीं हे स्नायु आवळलेले असतात, म्हणून रक्त बेतानेंच आंत येतें. मनांत कामभाव उत्पन्न झाला किंवा स्पर्श झाला म्हणजे पाठीच्या कण्याच्या खालच्या भागांतून निघणारे मज्जातंतू जागृत होतात. तंतूंच्या टोकांतून आणि रोहिणींच्या अस्तरांतून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अल्प प्रमाणांत सुटतो. त्याच्या योगानें स्नायु सैल पडतात, रोहिणी रुंदावतात आणि कोशांत रक्त भरतें. फुगलेल्या कोशांचा दाब बाहेरच्या चिवट आवरणालगतच्या नीलांवर पडून त्या चेपल्या जातात, आणि आंत आलेलें रक्त आंतच कोंडून राहतें. ही झाली ताठरता. रक्तवाहिन्यांत निरोप पोंचविण्याचें या वायूचें कार्य शोधून काढल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांस 1998 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या वर्णनांतील एका गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. दंड उगारतांना स्नायु आवळावे लागतात, ओझें उचलतांना आवळावे लागतात. येथें मात्र सर्व कार्य स्नायु सैल पडण्यानें सिद्ध होतें. जगानें ज्यास बळाचें परम चिन्ह मानलें, तें बळ लावून येतच नाहीं. उलट भय, संकोच किंवा चिंता यांनीं मन व्यापलें म्हणजे शरीर संकटाच्या तयारीस लागतें, रक्तांत ॲड्रेनलिन उतरतें, आणि नेमके तेच स्नायु पुन्हा आवळले जातात. म्हणून ‘आज आपली परीक्षा आहे’ अशा भावनेनें जो शय्येवर जातो तो आपल्या हातानें आपली वाट अडवितो. छातीची धडधड, गालांवरील लाली, डोळ्यांतील अश्रु यांस जशी आज्ञा करतां येत नाहीं, तशी यासहि करतां येत नाहीं. नीतिशास्त्राचा हा पहिला सिद्धांत आहे कीं, ज्यावर इच्छेची सत्ता चालते त्याबद्दलच स्तुति किंवा निंदा करावी. ज्या क्रियेवर इच्छेचा अधिकार नाहीं, तीबद्दल अभिमान बाळगणें जितकें पोरकटपणाचें, तितकेंच तीबद्दल शरमेनें मान खालीं घालणें अकारण आहे.

इच्छेची ही अगतिकता जुन्या विचारवंतांच्या दृष्टीस पडली नव्हती असें नाहीं. पांचव्या शतकाच्या आरंभीं संत ऑगस्टीननें ‘देवनगरी’ या आपल्या ग्रंथाच्या चौदाव्या भागांत असें दाखविलें आहे कीं, हें इंद्रिय कधीं नको असतां उठतें आणि कधीं हवें असतां साथ सोडतें. त्याचा अर्थ मात्र त्यानें धर्मदृष्टीनें लावला : आदिमानवानें ईश्वराची आज्ञा मोडली, म्हणून त्याचें शरीर त्याची आज्ञा मोडूं लागलें. निरीक्षण अचूक, परंतु निष्कर्षानें शरमेस धर्माचें पाठबळ मिळालें. आमच्या वैद्यांची दृष्टि याहून शांत होती. चरकसंहितेंत क्लैब्याचीं चार कारणें मांडलीं आहेत : बीजाचा बिघाड, इंद्रियाचा बिघाड, वार्धक्य आणि शुक्रक्षय. सुश्रुतानें त्याचे प्रकार सांगतांना मानस क्लैब्य निराळें गणलें, आणि मनास न रुचणाऱ्या गोष्टींनीं मन दुखावल्यामुळें तें येतें असें म्हटलें. या विवेचनांतील औषधयोजना आज जशीच्या तशी पटण्याजोगी नाहीं. परंतु रोग्यास पापी न ठरवितां त्याच्या व्याधीचें वर्गीकरण करावें, ही वृत्ति आजहि अनुकरणीय आहे.

शरमेचा आणि भयाचा परिणाम किती दूरवर जातो याचें एक उदाहरण फ्रान्सच्या इतिहासांत आहे. तेथें सोळाव्या आणि सतराव्या शतकांत पत्नीनें पतीवर क्लैब्याचा आरोप केला म्हणजे न्यायालय कधीं कधीं अशी आज्ञा करी कीं, वैद्य आणि सुइणी यांस जवळ बसवून त्या जोडप्यानें आपलें पतिपत्नीत्व सिद्ध करून दाखवावें. मार्की द लांजे नामक सरदारावर हा प्रसंग आला. तो त्या परीक्षेंत उतरला नाहीं, आणि 1659 सालीं त्याचा विवाह रद्द झाला. पुढें त्यानें दुसरा विवाह केला, आणि ज्यास न्यायालयानें नपुंसक ठरविलें होतें त्यास सात अपत्यें झालीं. अखेर 1677 सालीं पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयानें ही चालच बंद केली. परीक्षकांनीं जें पाहिलें तें खरें होतें. पण तें त्यांनीं स्वतःच उत्पन्न केलें होतें. आज न्यायालयें असें कांहीं करीत नाहींत. तथापि आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीविषयीं मित्रांची थट्टा, वडीलधाऱ्यांची सूचक चौकशी आणि नवऱ्यामुलाची स्वतःविषयींची धास्ती हीं जेथें एकत्र येतात, तेथें साक्षीदारांवांचून तीच परीक्षा भरते, आणि तिचा निकालहि पुष्कळदां तोच लागतो.

मनाचें हें सामर्थ्य मान्य करूनहि, क्लैब्य म्हणजे ‘मनाचे खेळ’ असें म्हणून हात झटकणें धोक्याचें आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच भागांत वैद्यांचाहि असाच समज होता. तो पुढें मागें पडला. आतां हें सिद्ध झालें आहे कीं, विशेषतः चाळिशीनंतर, शरीरांतील कारणें फार वेळां मुळाशीं असतात, आणि मनाचीं कारणें त्यांवर येऊन बसतात. रोहिणींचें काठिण्य, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, स्थूलता, अतिमद्यपान, मज्जारज्जूस झालेली इजा, प्रोस्टेट ग्रंथीवरील शस्त्रक्रिया, पुरुषत्वाच्या अंतःस्रावाची उणीव, तसेंच रक्तदाबावरील आणि मानसिक विषादावरील कांहीं औषधें, ही त्या कारणांची स्थूल यादी आहे. विषाद आणि दांपत्यांतील वितुष्ट हीं तर आहेतच. मन आणि शरीर यांपैकीं कोणतें प्रमुख, हें ओळखण्याची एक साधी खूण अशी : निरोगी पुरुषास झोपेंत, स्वप्नांच्या काळांत, रात्रींतून अनेक वेळां आपोआप ताठरता येते. ती पूर्ववत् असून केवळ संगाच्या वेळीं अपयश येत असेल, तर मनाकडे पाहावें; तीहि हळूहळू नाहींशी झाली असेल, तर शरीराकडे. ही खूण केवळ दिशा दाखविणारी आहे. निदान वैद्यानेंच करावें.

ही व्याधि किती पसरलेली आहे याचा अंदाज अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत 1987 ते 1989 या काळांत झालेल्या पाहणीवरून करतां येतो. 1994 सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणें 40 ते 70 वर्षांच्या पुरुषांपैकीं शेंकडा 52 जणांस कमीअधिक प्रमाणांत ही तक्रार होती, आणि शेंकडा सुमारें दहांस ती पूर्णत्वानें होती. जी गोष्ट त्या वयांतील अर्ध्या पुरुषांस लागू आहे तीस अपवादात्मक कलंक कसें म्हणावें ? याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. इंद्रियास रक्त पुरविणाऱ्या रोहिणींचा व्यास एक-दोन मिलिमीटर असतो. हृदयास रक्त पुरविणाऱ्यांचा तीन-चार. रोहिणींत जो मेद सर्वत्र सांचत असतो तो अर्थातच अरुंद वाट आधीं अडवितो. म्हणून हृदयविकाराचीं लक्षणें दिसण्यापूर्वीं दोनपासून पांच वर्षें पुष्कळ पुरुषांत क्लैब्य दिसतें. मधुमेहाचेंहि हें कधीं कधीं पहिलें चिन्ह असतें. ज्यास आपण अब्रूवरचा घाला समजतों तो पुष्कळदां प्राणावर येऊं घातलेल्या संकटाची वेळेवर मिळालेली वर्दी असतो. ती वर्दी ज्यानें लाजेखातर दाबून ठेवली, त्यानें अब्रू राखली कीं प्राण गमावला, याचा विचार सुज्ञांनींच करावा.

या लाजेवर पोट भरणारा एक वर्गहि आहे. आगगाडीच्या मार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ या शब्दानें सुरू होणाऱ्या जाहिराती पिढ्यानपिढ्या रंगविल्या गेल्या आहेत. कामसुखाची शक्ति वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस 1954 च्या कायद्यानें या देशांत बंदी केली. तरी त्या बंद झाल्या नाहींत, कारण बंदीनें गिऱ्हाईक नाहींसें होत नाहीं. डॉक्टराकडे तोंड उघडावयाचें नाहीं असा ज्याचा निश्चय, तो नांव न विचारणाऱ्या विक्रेत्याकडेच जाणार. ‘केवळ वनस्पतींपासून’ म्हणून विकलेल्या अशा कित्येक गोळ्यांत आधुनिक रासायनिक औषध गुपचूप मिसळलेलें निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत आढळलें आहे. हृद्रोग्यास तें घातक ठरूं शकतें. आणि तरुणांच्या मनांत वीर्यनाशाची जी भीति हे लोक भरवून देतात, तीमुळें निरोगी मुलें खरोखरीच रोगी होतात. डॉ. एन्. एन्. विग यांनीं 1960 सालीं ‘धात’ या नांवानें ज्या मनोविकाराचें वर्णन केलें, तो याच भीतीचें अपत्य आहे.

परंतु या मौनाचा सर्वांत मोठा भार ज्या व्यक्तीवर पडतो, तिचा उल्लेख अशा चर्चेंत क्वचितच होतो. ती व्यक्ति म्हणजे पत्नी. पति दूर राहूं लागला कीं तिला कारण कळत नाहीं. आपलें रूप ओसरलें कीं त्याचें मन अन्यत्र जडलें, या दोन तर्कांच्या मध्यें ती वर्षें कंठते. मूल होत नसेल तर नवस, उपास आणि व्रतें तिच्या वाट्यास येतात, वैद्याकडे तिलाच नेलें जातें, आणि वांझ हा शब्दहि तीच ऐकते. ज्यास खरें कारण ठाऊक असतें तो बाजूस बसून तें ऐकत राहतो. येथें आम्हांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. क्लैब्य हा दोष नव्हे. परंतु आपल्या क्लैब्याचा दोष दुसऱ्यावर पडूं देणें हा दोष आहे, आणि तो इच्छेच्या सत्तेंतील असल्यामुळें निंदेसहि पात्र आहे. आजचा हिंदु विवाहाचा कायदाही, पतीच्या नपुंसकत्वामुळें समागम घडलाच नसेल तर विवाह रद्द करून मागण्याचा अधिकार पत्नीस देतो. कायद्यानें तिचा हक्क ओळखला. घरानें निदान तिचा सत्यावरील हक्क तरी ओळखावा. आपणांस ही व्याधि आहे हें निश्चित ठाऊक असतां विवाहापूर्वीं तें लपविणें, ही तर उघड फसवणूक आहे.

आणि सत्य बोलण्यांत केवळ कर्तव्यच आहे असें नाहीं, त्यांत औषधहि आहे. सोळाव्या शतकांतील फ्रेंच निबंधकार माँतेन यानें कल्पनाशक्तीवरील आपल्या निबंधांत अशा एका पुरुषाची हकीकत दिली आहे कीं, जो या भयानें पछाडला होता. परंतु आपली अडचण त्यानें आधींच मोकळेपणानें सांगून टाकण्यास सुरवात केली, तेव्हां मनावरचा ताण उतरून त्यास गुण आला. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनीं 1970 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हेंच तत्त्व पद्धतशीर मांडलें आहे. रोगी एक व्यक्ति नसून तें दांपत्य आहे, असें समजून ते दोघांवरहि उपचार करीत. कांहीं काळ समागम करावयाचाच नाहीं असा नियम घालून, केवळ निर्हेतुक स्पर्शानें सहवासाची गोडी परत आणीत. परीक्षाच रद्द झाली म्हणजे परीक्षेचें भय कोठें राहणार ?

शारीरिक कारणांवर आज उपायांची वाण नाहीं. पहिली पायरी म्हणजे रक्तदाब, रक्तांतील साखर, मेद आणि अवश्य तर अंतःस्राव यांची तपासणी. तंबाखू सोडणें, वजन उतरविणें, रोज चालणें. चालू असलेल्या औषधांपैकीं एखादें कारणीभूत असल्यास डॉक्टरानें तें बदलणें. दुसरी पायरी गोळ्यांची. सिल्डेनाफिल हें औषध प्रथम छातीच्या कळेवर म्हणून इंग्लंडांतील सँडविच येथें तपासलें जात होतें. त्याचा हा निराळा गुण योगायोगानेंच ध्यानांत आला, आणि 27 मार्च 1998 रोजीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. वर सांगितलेल्या वायूचा निरोप लवकर विरूं न देणें, एवढेंच त्याचें कार्य. इच्छा उत्पन्न करणें त्याच्या हातीं नाहीं. मूळचा निरोपच निघाला नाहीं तर टिकवावें काय? पुष्कळांस त्यानें गुण येतो, सर्वांस नव्हे. हृदयाच्या कळेसाठीं नायट्रेट वर्गांतील औषध घेणाऱ्यानें मात्र तें कदापि घेऊं नये. दोहोंच्या संयोगानें रक्तदाब एकाएकीं उतरून प्राणावर बेततें. गोळ्यांचा उपयोग न झाल्यास निर्वात नळीचें साधन, इंद्रियांत टोंचण्याचें औषध आणि शेवटीं शस्त्रक्रियेनें बसविण्याचें कृत्रिम साधन असे मार्ग आहेत. अंतःस्रावाचें औषध ज्याच्या रक्तांत त्याची उणीव सिद्ध झाली त्यासच द्यावें. इतरांस तें निष्फळ, आणि क्वचित् अपायकारकहि होतें.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा कीं, कांहीं गोष्टी झांकलेल्याच बऱ्या. मर्यादा हें संस्कृतीचें भूषण आहे. हें आम्ही मान्य करतों. शय्यागृहाचें दार लोटलेलें असावें. परंतु त्या दारास आंतून असें कुलूप असूं नये कीं, आग लागली असतांहि तें उघडूं नये. पत्नी आणि वैद्य या दोघांपाशीं बोलण्यानें कोणतीहि मर्यादा भंगत नाहीं. मर्यादा ही कोणाशीं व कोठें बोलावें हें शिकविते. लाज ही कोणाशींच बोलूं नको म्हणते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून अशा प्रश्नांस उत्तरें दिलीं. 1934 सालीं वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दलच त्यांवर अश्लीलतेचा खटला झाला; डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरी कर्व्यांस दंड झालाच. दंड देणाऱ्यांस त्या प्रश्नांत अश्लीलता दिसली. ते लिहिणारांस दुसरीकडे कोठें विचारावें हें ठाऊक नव्हतें, हें त्यांस दिसलें नाहीं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनें येतो. वय झालें म्हणजे देह मंदावणारच. त्यासहि रोग ठरवून गोळ्या खपविणें ही व्यापाऱ्यांची नवी युक्ति नव्हे काय? या आक्षेपांत बरेंच तथ्य आहे. चरकानेंहि जरा हें कारण वेगळें काढून ठेवलें होतें. पूर्वीं समाज पुरुषास म्हणे, तूं असमर्थ आहेस, लाज धर. आतां बाजार त्यास म्हणतो, तूं सत्तरीस आलास तरी असमर्थ राहूं नकोस, नाहींतर लाज धर. दोहोंत लाज कायमच आहे. ययातीनें पुत्राचें तारुण्य उसनें घेऊन हजार वर्षें भोगलें आणि अखेर तें परत दिलें. वासना भोगानें शमत नाहीं हें त्यास त्या किंमतीस कळलें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, रोगाची तपासणी सर्वांनीं करून घ्यावी, कारण तिच्याशीं प्राणाचा संबंध आहे. परंतु उपचार घ्यावा कीं न घ्यावा हें त्या पतिपत्नींनीं एकमेकांस विचारून ठरवावें. ज्या वृद्ध दांपत्यास हातांत हात घेऊन बसण्यांत समाधान आहे, त्यास कोणीहि रोगी म्हणूं नये. आणि ज्यास अधिकाची इच्छा आहे, त्याची कोणीं थट्टा करूं नये.

कोणी असेंहि म्हणेल कीं, तंबाखू, आळस आणि अतिभोजन हीं तर माणसाच्या हातचीं आहेत. मग त्यांपासून येणाऱ्या क्लैब्याचा दोष त्याच्याकडे कां नसावा? असूं द्या, पण तितकाच, जितका त्याच कारणांनीं हृदयविकार झालेल्याकडे असतो. त्यास आपण पथ्य सांगतों, प्रसंगीं रागेंहि भरतों; परंतु त्याच्या पुरुषत्वाचा पंचनामा करीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा, याहून अधिक मागणें आमचें नाहीं.

सारांश, जें इच्छेच्या स्वाधीन नाहीं त्यांत पौरुष शोधूं नये. जें स्वाधीन आहे त्यांत शोधावें. देह केव्हां साथ देईल हें कोणाच्याच हातीं नाहीं. तो साथ देईनासा झाला असतां पत्नीस खरें सांगणें, वैद्याकडे वेळेवर जाणें, तिच्या माथ्यावर फुटूं पाहणारें खापर स्वतःच्या हातानें बाजूस सारणें, आणि दुसऱ्या कोणावर तोच प्रसंग आला तर त्याच्या थट्टेंत सामील न होणें, या गोष्टी मात्र प्रत्येकाच्या हातीं आहेत. त्यांस धैर्य लागतें. ज्यास तें धैर्य आहे त्यास क्लीब म्हणण्याचा अधिकार कोणासच पोंचत नाहीं.